माहितीचे बिऱ्हाड

सरकारी नोकराच्या आयुष्यात बदलीचा हुकूम हा एक ऋतूच आहे. तो येतो, माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरतात, भांड्यांवर जुनी वर्तमानपत्रे गुंडाळली जातात, आणि कालपर्यंत जे घर आपले होते त्याच्या भिंती एकाएकी परक्या दिसू लागतात. अशा हलवाहलवीत काचसामान फुटायचे ते फुटतेच. परंतु खरे नुकसान त्याचे नसते. नव्या गावी जाऊन आठ दिवस झाले म्हणजे लक्षात येते की, किल्ल्यांचा जुडगा आला आहे, पण कोणती किल्ली कोणत्या कुलपाची हे ज्याला ठाऊक होते तो जुना नोकर मागेच राहिला. मसाल्याचे डबे आले आहेत, पण त्यांवरच्या चिठ्ठ्या निघून गेल्या आहेत. सामान सगळे पोहोचते. सामानाची समज मात्र पुष्कळदा वाटेत कुठेतरी सांडते.

श्रोतेहो, आज मी अशाच एका बिऱ्हाडाविषयी बोलणार आहे. ते बिऱ्हाड भांड्याकुंड्यांचे नाही, माहितीचे आहे. रेल्वे, बँका, निवृत्तिवेतनाची कार्यालये, जमिनीचे दप्तर ह्या सर्वांच्या वह्या आता संगणकात गेल्या आहेत. परंतु संगणकही म्हातारे होतात, आणि मग त्यांच्या पोटातली सारी माहिती उचलून नव्या, अधिक बळकट यंत्रात नेऊन ठेवावी लागते. कचेरीच्या भाषेत ह्याला 'डेटा मायग्रेशन' म्हणतात. हा विषय तंत्रज्ञांचा, आपल्याला त्याच्याशी काय कर्तव्य, असे आपणांस वाटणे साहजिक आहे. मलाही अनेक वर्षे तसेच वाटत होते. ते मत मला का बदलावे लागले, हेच आज सांगायचे आहे.

उदाहरण म्हणून दिल्लीतलेच, पण साऱ्या देशाच्या परिचयाचे एक बिऱ्हाड घेऊ. ज्यांनी १९८५ पूर्वी रेल्वेचे आरक्षण केले आहे त्यांना त्या वेळच्या जाडजूड वह्या आठवत असतील. अमुक गाडीची वही अमुक खिडकीवर, तमुक गाडीची तमुक खिडकीवर. खिडकी चुकली की रांग चुकली, आणि रांग चुकली की सकाळ गेली. परतीच्या प्रवासाचे आरक्षण हवे असेल तर दुसऱ्या शहराला तार जायची आणि उत्तराची वाट पाहावी लागायची. १९८५-८६ मध्ये नवी दिल्ली येथे ह्या वह्या प्रथम संगणकात गेल्या. सी. एम. सी. ह्या सरकारी कंपनीने त्यासाठी 'इम्प्रेस' नावाची आज्ञावली लिहिली. फोरट्रान भाषेत लिहिलेली ही आज्ञावली अमेरिकेतील डिजिटल ह्या कंपनीच्या 'व्हॅक्स' जातीच्या संगणकावर चालत असे. कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती.

१९८६ साली रेल्वेने आपल्या माहितीच्या व्यवस्थेसाठी 'क्रिस' ही स्वतंत्र संस्था स्थापन केली. तिचे कार्यालय दिल्लीत चाणक्यपुरीत आहे. ह्या संस्थेने 'कॉन्सर्ट' नावाची नवी आज्ञावली तयार केली आणि १९९४ साली ती प्रथम सिकंदराबादेस चालू झाली. तोवर दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रे म्हणजे पाच स्वतंत्र घरे होती. १९९९ मध्ये ती एकमेकांना जोडली गेली आणि देशाची एक वही झाली. २००२ पासून ती वही घरबसल्या उघडता येऊ लागली, आणि आता आरक्षित तिकिटांपैकी शंभरात ऐंशीहून अधिक तिकिटे खिडकीवर न जाताच काढली जातात. म्हणजे पंधरा-सतरा वर्षांच्या अवधीत ह्या माहितीने एकदा नव्हे, अनेकदा बिऱ्हाड हलवले, आणि तेही एका दिवसाची गाडी न चुकवता.

यंत्र म्हातारे होते म्हणजे नेमके काय होते? बैलगाडीचे चाक झिजते, घड्याळाची कमान सैल होते. ते आपल्याला दिसते. संगणकाचे तसे नाही. त्याची प्रकृती ठणठणीत असते, काम बिनबोभाट चालू असते, आणि तरीही तो म्हातारा झालेला असतो. कारण त्याचे गणगोत संपत आलेले असते. त्याला बनवणारी कंपनी उरत नाही, त्याचे सुटे भाग मिळत नाहीत, आणि त्याची भाषा जाणणारी माणसे एकेक करून निवृत्त होतात. आपल्या देशाने हे एकदा फार जवळून पाहिले आहे. १९७८ साली आय. बी. एम. ही बलाढ्य कंपनी भारतातून निघून गेली, आणि तिने येथे बसवलेल्या संगणकांची देखभाल नुकत्याच स्थापन झालेल्या सी. एम. सी.ला अंगावर घ्यावी लागली. कर्ता पुरुष घर सोडून गेला आणि संसार धाकट्याने सावरला, असाच तो प्रसंग होता.

व्हॅक्सच्या घराण्याचीही कथा अशीच आहे. व्हॅक्सनंतर त्याच कंपनीने 'अल्फा' काढला. पुढे १९९८ मध्ये डिजिटल ही कंपनीच कॉम्पॅकने विकत घेतली, आणि २००२ मध्ये कॉम्पॅक ह्यूलेट-पॅकार्डमध्ये विलीन झाली. अल्फाची जागा 'इटॅनियम'ने घेतली, आणि २०२१ मध्ये इटॅनियमचाही शेवटचा माल कारखान्यातून बाहेर पडला. रेल्वे मंत्रालयाने २०२५ साली सांगितले की, २०१० पासून चालत आलेली आरक्षणव्यवस्था इटॅनियम यंत्रांवर आणि 'ओपन-व्ही. एम. एस.' ह्या जुन्या प्रणालीवर उभी आहे, तिची क्षमता मिनिटाला सुमारे २५,००० तिकिटांची आहे, आणि तिच्या जागी चौपट क्षमतेची नवी व्यवस्था उभी करण्याचे काम क्रिसने हाती घेतले आहे. यंत्रे, आज्ञावली, जाळे, सुरक्षा असे सगळेच नवे करायचे, असा हा बेत आहे.

आता ह्या वहीत असते काय, ते पाहू. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी करता येते; पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. म्हणजे कोणत्याही क्षणी ह्या वहीच्या पोटात पुढच्या दोन महिन्यांचे प्रवास असतात. कुणी मुलीच्या लग्नासाठी नागपूरला निघायचे असते, कुणी आईला तपासणीसाठी दिल्लीच्या एम्समध्ये आणायचे असते, कुणी दिवाळीला घरी जायचे असते. वहीतली प्रत्येक ओळ म्हणजे शासनाने कुणाला तरी दिलेले वचन आहे: अमुक दिवशी, अमुक डब्यात, अमुक क्रमांकाची जागा तुझी. ज्यांना जागा मिळाली नाही त्यांनाही एक वचन दिलेले असते. प्रतीक्षायादीत तुझा क्रमांक बारावा आहे, आणि अकराव्याच्या आधी बाराव्याला जागा मिळणार नाही. माहितीचे बिऱ्हाड हलवणे म्हणजे ही सारी वचने, एकही न मोडता, एका घरातून दुसऱ्या घरात नेणे होय. आकडे नेले आणि वचन राहिले, तर काहीच नेले नाही.

हे नेतात कसे, ह्याची पद्धत मोठी मनोरंजक आहे. आपल्या जुन्या पेढ्यांवर दोन वह्या असत. रोजकीर्दीत दिवसभराचे व्यवहार घडतील त्या क्रमाने लिहायचे, आणि खतावणीत ज्याच्या-त्याच्या खात्यावर ते मांडायचे. संगणकाच्या पोटातही नेमक्या ह्याच दोन वह्या असतात. बिऱ्हाड हलवताना प्रथम संपूर्ण खतावणीची नक्कल नव्या यंत्रात उतरवून घेतात. ह्या कामाला कित्येक तास, कधी कित्येक दिवस लागतात. आणि तेवढ्या वेळात जुन्या पेढीवरचे गिऱ्हाईक थांबलेले नसते. म्हणून नक्कल चालू असताना जे नवे व्यवहार झाले ते रोजकीर्दीतून काढून नव्या खतावणीत चढवतात. ते चढवता चढवता आणखी थोडे झालेले असतात, तेही चढवतात. असे करता करता नवी वही जुनीच्या मागे अवघ्या काही पळांवर येऊन ठेपते. मग एक निवांत घटका निवडतात. रेल्वेची आरक्षणाची वही रोज मध्यरात्रीच्या आगेमागे थोडा वेळ मिटलेली असते; अशी घटका ह्या कामाला सोयीची. जुनी पेढी बंद करायची, रोजकीर्दीतल्या शेवटच्या ओळी चढवायच्या, दोन्ही वह्यांचा ताळा घ्यायचा, आणि ताळा जुळला की पहाटेच्या पहिल्या गिऱ्हाइकाला नव्या पेढीचे दार उघडायचे. सगळे नीट झाले तर त्या गिऱ्हाइकाला रात्री काही घडले ह्याचा पत्ताही लागत नाही. ह्या कामाची कीर्ती म्हणजे त्याचा गाजावाजा न होणे.

परंतु नक्कल ही नुसती नक्कल नसते. जुने आणि नवे यंत्र एकच भाषा बोलत नाही. उदाहरणार्थ, तारीख. व्ही. एम. एस. ही प्रणाली काळ मोजते तो १७ नोव्हेंबर १८५८ ह्या दिवसापासून, तर आज प्रचलित असलेल्या अनेक प्रणाली तो १ जानेवारी १९७० पासून मोजतात. मराठी माणसाला ही अडचण नवी वाटू नये. शिवकालीन आणि पेशवेकालीन कागदांत कुठे शालिवाहन शक असतो, कुठे राज्याभिषेक शक, कुठे सुहूर सन, कुठे फसली. इतिहासाचे अभ्यासक जंत्री हाती घेतल्यावाचून एक तारीख लावू शकत नाहीत. संगणकाच्या स्थलांतरातही कुणालातरी जंत्री करावी लागते, आणि जंत्रीत एका दिवसाची चूक झाली तर पुण्याचा प्रवासी गाडी सुटून गेल्यावर दुसऱ्या दिवशी स्थानकावर येऊन उभा राहतो.

आकडा साठवण्याच्या रीतीही दोन आहेत. काही जातींची यंत्रे आकड्याचा मोठा भाग आधी ठेवतात, काही लहान भाग आधी ठेवतात. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण आपण स्वतः काय करतो? लिहिताना दोन आधी आणि पाच नंतर लिहितो, आणि बोलताना मात्र 'पंचवीस' म्हणतो. म्हणजे पाच आधी, वीस नंतर. इंग्रज मनुष्य वीस आधी म्हणतो. दोघेही बरोबर, पण एकाचे ऐकून दुसऱ्याने आपल्या रीतीने लिहिले तर पंचवीसचे बावन्न होतील. जुन्या जातीच्या यंत्रावरून नव्या जातीच्या यंत्रावर माहिती नेताना हा उलटापालट फार काळजीपूर्वक सांभाळावा लागतो.

नावांची गोष्ट तर दिल्लीतल्या मराठी माणसाला वेगळी सांगायला नकोच. रोमन लिपीत लिहिलेले आपले आडनाव यंत्र जेव्हा हिंदीत फिरवते तेव्हा 'काळे' हे 'काले' होतात, आणि 'साळवी' हे 'साल्वी' होऊन परत येतात. ह्यावर आपण हसतो. पण दोन वह्या एकत्र करताना एका वहीत 'काळे' आणि दुसरीत 'काले' असले, तर यंत्र त्यांना दोन वेगळी माणसे समजते. आणि वेगळ्या वडिलांची दोन माणसे जर योगायोगाने एकाच नावाची निघाली, तर त्यांना एकच समजते. हसू तेथे संपते.

दोन वह्या एकत्र करताना असे मी म्हटले, ते सहज नव्हे. अलीकडे जी स्थलांतरे होतात त्यांत केवळ जुने टाकून नवे घेणे नसते. पुष्कळ लहानलहान यंत्रांची कामे एका मोठ्या यंत्रसमूहावर एकवटणे असते. एकाच कचेरीत पगाराचे यंत्र एका खोलीत, भांडाराचे दुसऱ्या, निवृत्तिवेतनाचे तिसऱ्या खोलीत, अशी स्थिती आपल्याकडे होती. प्रत्येकाला स्वतंत्र थंडावा हवा, स्वतंत्र वीज हवी, स्वतंत्र परवाना हवा, आणि दिवसाचा बराच वेळ ते रिकामे. नव्या यंत्रसमूहात एकाच देहात अनेक कप्पे करता येतात. महिनाअखेरीस पगाराच्या कामाला अधिक बळ द्यायचे, एरवी ते दुसऱ्याकडे वळवायचे, अशी सोय होते. खर्च वाचतो, जागा वाचते, देखभाल एका हाती येते. एकत्र कुटुंबाचे जे फायदे तेच हे.

आणि एकत्र कुटुंबाचे जे धोके तेही येथे आहेत. चूल एक असली की ती विझल्यावर सारे घर उपाशी राहते. म्हणून अशा व्यवस्थेची एक प्रत दूर दुसऱ्या गावी सदैव तयार ठेवावी लागते. १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राची माहितीची मोठी भांडारे दिल्लीत शास्त्री पार्कला आहेत, तशीच ती पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर येथेही आहेत. दिल्ली भूकंपाच्या टापूत येते. दिल्लीची जमीन हलली तर हैदराबादची हलू नये, आणि भुवनेश्वरला वादळ आले तर ते पुण्याला पोहोचू नये, हा साधा विचार त्यामागे आहे. काटकसरीच्या उत्साहात ह्या दुसऱ्या घराचा खर्च वगळण्याचा मोह होतो. तो मोह आवरला पाहिजे.

इथपर्यंत मी जे सांगितले ते सगळे हुशार तंत्रज्ञांना ठाऊक असते. मला जे शिकावे लागले ते ह्यापलीकडचे आहे, आणि ते मी एका वृद्ध बाईंकडून शिकलो.

काही वर्षांपूर्वी मी दिल्लीतील एका कार्यालयात होतो. तेथे निवृत्तिवेतनाची जुनी नोंदवही नव्या एकत्रित यंत्रावर नेण्याचे काम झाले. जुनी व्यवस्था वीस-बावीस वर्षे चाललेली होती. स्थलांतर उत्तम झाले. जुन्या वहीतल्या नोंदींची संख्या आणि नव्या वहीतली संख्या एक. दोन्हीकडच्या रकमांची बेरीज एक, पैशाचाही फरक नाही. 'सर्व नोंदी यथास्थित आहेत' अशा दाखल्यावर मी सही केली आणि समाधानाने घरी गेलो.

दोन महिन्यांनी करोल बागेत राहणाऱ्या एक मराठी आजी आपल्या नातवाचा हात धरून कचेरीत आल्या. त्यांचे कुटुंबनिवृत्तिवेतन आले नव्हते. बँक म्हणे कचेरीत विचारा, कचेरीतल्या खिडकीवर सांगितले की यंत्र पडताळणी मागते आहे. मी मराठी बोलतो हे कळल्यावर त्या माझ्या टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, "बाळा, मी जिवंत आहे हे तुला दिसते आहे ना? मग तेवढे त्याला सांग." 'त्याला' म्हणजे यंत्राला. त्यांच्या आवाजात राग नव्हता. औषधवाल्याची उधारी दोन महिने थकली आहे, एवढेच त्यांनी पुढे सांगितले, आणि तेही मी विचारल्यावर.

शोध घेता उलगडा झाला तो असा. आजींच्या पतीच्या निवृत्तीच्या वेळी कागदपत्रांत पत्नीची जन्मतारीख लिहिलेलीच नव्हती. त्या पिढीच्या पुष्कळ कागदांत ती नसते. संगणकाला मात्र तारखेची रिकामी जागा चालत नसे. तेव्हा ज्यांनी प्रथम नोंदी भरल्या त्यांनी अशा प्रत्येक ठिकाणी १ जानेवारी १९०० ही तारीख घातली, आणि 'ही तारीख दिसली तर ती अज्ञात समजावी' अशी एक ओळ आज्ञावलीत लिहून ठेवली. नव्या आज्ञावलीत ती ओळ नव्हती. आपल्याकडे केंद्रीय निवृत्तिवेतनात वयाच्या ८० व्या वर्षी मूळ रकमेवर शेकडा २० अधिक मिळतात, आणि पुढे ते वाढत वाढत १०० व्या वर्षी दुप्पट होते. नव्या यंत्राने हिशेब केला, आजींचे वय शंभराच्या पुष्कळ पुढे गेलेले पाहिले, दुप्पट रक्कम देणे निघते असे ठरवले, आणि संशय येऊन सगळेच रोखून धरले. अशी काही डझन माणसे होती. आमच्या कचेरीपर्यंत येऊ शकल्या त्या एकट्या आजी.

यंत्राची ह्यात काही चूक नव्हती. तंत्रज्ञांनीही त्यांना जे दिले ते जसेच्या तसे नेले होते. ताळा जुळला होता. पण १ जानेवारी १९०० ह्या तारखेचा अर्थ 'ठाऊक नाही' असा आहे, ही गोष्ट कोणत्याच वहीत लिहिलेली नव्हती. ती एका माणसाच्या डोक्यात होती. तो माणूस निवृत्त होऊन फरीदाबादला राहत होता. मी त्याच्या घरी गेलो. त्याने चहा दिला, माझे सगळे ऐकून घेतले, आणि आतून एक शाळकरी वही आणून माझ्यापुढे ठेवली. अशा सतरा संकेतांची यादी तीत त्याच्या हातची होती. कोणत्या रकान्यात नऊचा आकडा म्हणजे न्यायालयाचा हुकूम, कोठे शून्य म्हणजे रक्कम दोन पत्नींत विभागलेली, कोणता विभाग बंद झाला तरी त्याचा क्रमांक का पुसायचा नाही. ही वही आधी का दिली नाही, असे मी विचारले. तो म्हणाला, "साहेब, मला विचारले कुणी?"

आजींचे वेतन पुढच्या महिन्यात थकबाकीसह सुरू झाले, आणि बाकीच्यांचेही. परंतु त्या दाखल्यावरची माझी सही मला अजून आठवते. मी मोजले होते, विचारले नव्हते.

आपल्या इतिहासात ह्याचा एक मोठा दाखला आहे. शतकानुशतके मराठी कारभार मोडी लिपीत चालला. पुण्याच्या पेशवे दफ्तरात, तालुक्यातालुक्यांच्या कचेऱ्यांत ते कागद नीट बांधून ठेवलेले आहेत. पुष्कळांची शाई अजून ताजी दिसते. विसाव्या शतकाच्या मध्यास कारभारातून मोडी गेली, आणि हळूहळू ती वाचणारी माणसेही गेली. २०२३ साली महाराष्ट्रात जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा कागद होते, पण ते वाचणारे शोधावे लागले. कागद जपले, वाचन जपले नाही. संगणकाच्या बाबतीत हे घडायला दोन शतके लागत नाहीत. वीस वर्षे पुरतात.

दिल्लीच्या माणसाने मराठी श्रोत्यांपुढे स्थलांतराविषयी बोलावे आणि महंमद तुघलकाचे नाव निघू नये, हे शक्य नाही. १३२७ च्या सुमारास त्याने दिल्लीची राजधानी आपल्या देवगिरीस, म्हणजे दौलताबादेस नेली. त्याचा हेतू अगदीच वेडगळ नव्हता; दख्खनवर लक्ष ठेवायला ते ठिकाण सोयीचे होते. पण ज्यांना जायचे होते त्यांना कुणी विचारले नाही, आणि काही वर्षांनी त्यांना परत फिरण्याची मुभा द्यावी लागली. त्या कथेतून आपण त्याच्या वेडाचा बोध घेतो. मी दुसरा घेतो. मोठे स्थलांतर करणाऱ्याने परतीची वाट पहिल्या दिवसापासून बांधून ठेवावी, नाइलाज झाल्यावर नव्हे. आमच्या क्षेत्रात ह्याचा अर्थ असा की, नवे यंत्र चालू झाले म्हणून जुने लगेच मोडीत काढायचे नाही. काही महिने दोन्ही वह्या शेजारी चालवायच्या, एकच काम दोघांना द्यायचे, आणि उत्तरे कोठे वेगळी येतात ते पाहायचे. ती वेगळी येतात तेथेच बहुधा एखाद्या आजी उभ्या असतात.

आणि ह्या सर्वांहून आधी करायचे ते काम अगदी स्वस्त आहे. त्याला निविदा लागत नाही, परकीय चलन लागत नाही. ज्यांनी जुनी वही वीस वर्षे सांभाळली त्यांच्यापाशी जाऊन बसायचे. खिडकीवरचा कारकून, हिशेबनीस, निवृत्त झालेला आज्ञावलीकार, ह्यांना विचारायचे: "ह्यात असे काय आहे, जे लिहिलेले नाही?" त्यांची उत्तरे लिहून घ्यायची, आणि ती नव्या घरात सर्वांच्या आधी ठेवायची. आपल्याकडे नवे यंत्र येते तेव्हा त्याचे उद्घाटन होते, हारतुरे होतात. जुने यंत्र ज्या माणसांनी चालवले त्यांना त्या समारंभाचे बोलावणेही नसते. सौजन्य म्हणून तर ते द्यावेच. पण कारभाराची गरज म्हणूनही ते दिले पाहिजे.

देशातल्या कितीतरी वह्या पुढच्या काही वर्षांत अशाच जुन्या यंत्रांवरून नव्यांवर जाणार आहेत. त्यांत तुमचे नाव असेल, तुमच्या आईचे असेल, शेताचा गट क्रमांक असेल, विम्याचा हप्ता असेल. अशा वेळी आपली एक नोंद आपणच पाहून घ्यावी, आणि जी वडीलधारी माणसे स्वतः पाहू शकत नाहीत त्यांची आपण पाहून द्यावी, एवढी विनंती मी श्रोत्यांना करतो. आणि माझ्यासारख्या ज्यांच्या हाती दाखल्यावर सही करणे असते, त्यांना एक सांगतो.

माझी आई घर सोडताना सगळे सामान गाडीत चढले तरी निघायची नाही. ती एकटी आत जायची, प्रत्येक कोनाड्यातून हात फिरवायची, फडताळाच्या मागे पाहायची, परसदारी जाऊन यायची. वडील बाहेरून घाई करायचे. ती सावकाश यायची, आणि तिच्या हातात हमखास काहीतरी असायचे: एखादी वाटी, एखादी किल्ली, आजोबांच्या हातची एखादी चिठ्ठी. यादीत ते कधीच नसे. सही करण्यापूर्वी रिकाम्या घरातून एकदा तसा हात फिरवून यावा.